बहिणीच्या हिश्शाची आयत कुणाला कळत नाही?

कुरआनचा अर्थ स्वतः वाचून घरातले प्रश्न सोडवायला जाऊ नका, गुमराह व्हाल, आलिमांना विचारा आणि ते सांगतील तसं वागा, हा सल्ला मराठी मुसलमानाच्या घरात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. जुम्म्याच्या बयानात तो येतो, निकाहाच्या मांडवात येतो, वारसाची बोलणी चालू असताना तर हटकून येतो. देणारा बहुतेक वेळा सज्जन असतो आणि त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नसतं. चार ओळी वाचून जगाचे निवाडे करणारी माणसं आपण पाहतोच. पण या सल्ल्याची एक गंमत आहे. कुणाचा पायजमा घोट्याखाली आला, मुलीने नेलपॉलिश लावून वुजू केला, वरातीत बँड वाजला, की ‘कुरआनात साफ लिहिलंय’ म्हणणारे दहाजण उभे राहतात. यांतलं एकही नाव घेऊन कुरआनात आलेलं नाही, तरी त्या दहांपैकी एकालाही तेव्हा आलिमाची गरज भासत नाही. आणि जे खरोखर साफ लिहिलंय, म्हणजे मुलीचा हिस्सा, बायकोचं महर, तलाकच्या आधीची मध्यस्थी, तिथे मजकूर एकाएकी अवघड होतो, अरबी अथांग होते आणि सामान्यांची अक्कल तोकडी पडते. मजकुराचा हा अवघडपणा कुणाच्या खिशाला हात लागला की जागा होतो, एवढंच मला दाखवून द्यायचं आहे.

या सल्ल्याच्या बचावाला हमखास येतो तो डॉक्टरचा दाखला. आजारी पडलात तर वैद्यकाची पुस्तकं उघडून बसता का? डॉक्टरकडेच जाता ना? मग दीनच्या बाबतीत मुफ्तीसाहेबांकडे जायला कसली लाज? दाखला बिनतोड वाटतो, म्हणून तो मान्य करूनच पुढे जाऊ. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो, तिच्यावर त्याची सही आणि नोंदणी क्रमांक असतो. रक्ताचा रिपोर्ट आपल्या हातात पडतो. साखर किती आहे आणि किती असायला हवी हे त्यावर शेजारी शेजारी छापलेलं असतं. ते वाचून आपण डॉक्टरला चार प्रश्न विचारतो, पटलं नाही तर दुसऱ्याकडे जातो, आणि त्याने हलगर्जी केली तर ग्राहक न्यायालय आहे. ‘रिपोर्टकडे बघूसुद्धा नका, बघितलंत तर आजार वाढेल’ असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे तुम्ही अम्मीला पुन्हा न्याल का? विधवेला ‘महर माफ कर, सवाब मिळेल’ असं तोंडी सांगून निघून जाणाऱ्याने कुठे सही केलेली असते? आयत कोणती, मजहब, म्हणजे फिकहचा पंथ, कोणता, मतभेद किती, यांतलं काय त्याने सांगितलेलं असतं? डॉक्टरचा दाखला देणाऱ्यांनी डॉक्टरवरची बंधनंही अंगावर घ्यावीत.

खरे मुफ्ती ती घेतात, हेही इथेच सांगून टाकते. दारुल-इफ्तातून येणाऱ्या लेखी फतव्यात प्रश्न नमूद असतो, ग्रंथाचा आधार असतो, आणि शेवटी अल्लाह अधिक जाणतो असं लिहून मुफ्ती आपली मर्यादा मान्य करतात. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर दिलेलं मत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की त्याला कायद्याचं बळ नाही आणि तो कुणावर लादता येत नाही. त्या विद्वत्तेशी माझं भांडण नाही. तिच्या नावावर घरोघरी जो मक्ता चालतो, त्याच्याशी आहे.

आता मजकुराकडे येऊ. कुरआनातली सर्वांत लांब आयत कोणती, हे मदरशातली पोरं झटकन सांगतात: सूरह बकराची २८२वी. ती कशाबद्दल आहे हे मोठ्यांनाही ठाऊक नसतं. ती उधारीबद्दल आहे. मुदतीचा व्यवहार असेल तर लिहून ठेवा. लिहिणाऱ्याने सचोटीने लिहावं. मजकूर देणेकऱ्याने सांगावा, तो अजाण असेल तर त्याच्या पालकाने. साक्षीदार घ्या. रक्कम लहान म्हणून लिहायचा कंटाळा करू नका. हातोहात रोखीचा सौदा असेल तर नाही लिहिलं तरी चालेल. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास देऊ नका. हा मजकूर बाजारात उधार देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाशी बोलतो आहे, हे कळायला कुठल्या सनदेची गरज लागते? याच सूरहची २३३वी आयत मूल दोन वर्षं अंगावर पाजण्याबद्दल आहे. त्याआधी तोडायचं असेल तर आईबापांनी एकमेकांच्या राजीखुशीने, विचारविनिमय करून ठरवावं. या निर्णयात तिसऱ्या माणसाचा उल्लेख नाही. नवराबायकोत फाटलं तर सूरह निसाची ३५वी आयत आहे: एक मध्यस्थ त्याच्या घरचा, एक तिच्या घरचा. हे मध्यस्थ कुणी नेमायचे आणि त्यांचे अधिकार किती, यावर फकीहांत वाद आहेत. पण ते दोन्ही घरांतले असावेत, याबद्दल मजकुरात काही गुंता नाही. ज्या ग्रंथाने घरातलं भांडण मिटवायचं काम मामू-चाचांवर टाकलं, तो मामू-चाचांनी समजून वाचू नये असं म्हणायचं, याला काय म्हणावं?

कुरआन प्रश्नांना घाबरत नाही. लोक तुला विचारतात, अशी सुरुवात करून तो चंद्राच्या कलांबद्दल, दारू-जुगाराबद्दल, खर्च किती करावा याबद्दल, अनाथांबद्दल, बायकांच्या मासिक पाळीबद्दल बोलतो. मदिनेतल्या साध्या माणसांचे हे प्रश्न ग्रंथातच राहिले. आणि ५८वी सूरह तर एका घरगुती तक्रारीनेच सुरू होते. खौला बिन्ते सअलबा ही बाई. नवऱ्याने रागाच्या भरात, तू मला आईच्या पाठीसारखी, असं म्हणून तिला अरबांच्या जुन्या रूढीप्रमाणे अधांतरी टाकलं: ना धड बायको, ना मोकळी. ती पैगंबरांकडे गेली. रिवायतींप्रमाणे पहिलं उत्तर तिच्या बाजूचं नव्हतं. ती उठून घरी गेली नाही; मुलं आहेत, वय झालंय, जाऊ कुठे, असं म्हणत पुन्हा पुन्हा वाद घालत राहिली. त्यावर उतरलेल्या आयतींची सुरुवात अशी की तुझ्याशी हुज्जत घालणाऱ्या त्या बाईचं बोलणं अल्लाहने ऐकलं आहे. पुढे त्या रूढीला खोटं ठरवून नवऱ्याला प्रायश्चित्त सांगितलं: गुलाम मुक्त करावा, नाहीतर सलग दोन महिने रोजे धरावेत, तेही झेपत नसेल तर ६० गरिबांना जेवू घालावं. सूरहचं नाव अल-मुजादला, हुज्जत घालणारी बाई. आज एखाद्या मुलीने जमातीपुढे उभं राहून खौलाइतका वाद घातला तर तिला काय ऐकावं लागेल, ते मी लिहायला नको.

पहिल्या उत्तरावर न थांबलेल्या बाईवरून सूरहचं नाव पडलं म्हटलं, की समोरून तीन आयती येतात. त्या टाळून चालणार नाही. पहिली: तुम्हाला ठाऊक नसेल तर जाणकारांना विचारा. ही १६व्या सूरहच्या ४३व्या आयतीत आहे आणि थोड्या फरकाने २१व्या सूरहतही आहे. पण दोन्ही ठिकाणी विषय कुठला चाललाय ते पाहावं. माणसालाच पैगंबर म्हणून कसं पाठवलं, असं मक्केचे विरोधक म्हणत होते. त्यांना सांगितलं की याआधीही माणसंच पाठवली, विश्वास नसेल तर आधीचे ग्रंथ जाणणाऱ्यांना विचारा. यावरून ठाऊक नसलेलं जाणत्याला विचारावं एवढं तत्त्व काढलं तर माझी काही हरकत नाही, विचारावंच. पण विचारा याचा अर्थ वाचू नका असा कधीपासून झाला? दुसरी, सूरह आले-इमरानची सातवी: काही आयती स्पष्ट, काही संदिग्ध, आणि मनात वाकडं असणारे संदिग्धाच्या मागे लागतात. ही आयत तर माझ्याच बाजूची साक्षीदार आहे. स्पष्ट आयती हा ग्रंथाचा पाया, असं तीच सांगते. एक अष्टमांश, एक षष्ठांश, दोन तृतीयांश यांत संदिग्ध ते काय? तिसरी, पाचव्या सूरहची १०१वी: उघड झाल्या तर तुम्हालाच जड जातील अशा गोष्टी विचारू नका. हिच्याबरोबर बनी इस्राईलच्या गाईची गोष्ट वाचावी. एक गाय कापा, एवढाच हुकूम होता. कोणत्या वयाची, कोणत्या रंगाची, कशी, असं खोदून खोदून विचारत त्यांनी स्वतःचंच काम अवघड करून घेतलं. नेलपॉलिश आणि पायजम्याच्या लांबीवर पिढ्यान्‌पिढ्या घासाघीस करणाऱ्यांनी ही गोष्ट आधी स्वतःला सांगावी. हक्क मागणाऱ्या खौलाला कुणी गप्प बसवलं नव्हतं.

आणि हे वाचण्याचं काम काही आजच्या मुलामुलींच्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हे. १८व्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी कुरआन फारसीत आणला तो अरबी न येणाऱ्या माणसाला कळावा म्हणून. त्यांचे पुत्र शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी तो उर्दूत नेला. देवबंदची परंपरा आपलं मूळ याच घराण्याशी जोडते. मराठीतही अनुवाद आहेत. रायगडातल्या गागोद्याच्या विनोबांनी अरबी शिकून कुरआनचं सार काढलं आणि पुष्कळांनी त्यांचं कौतुक केलं. गागोद्याच्या ब्राह्मणाला चालतं ते मोहल्ल्यातल्या सुनेला का चालत नाही, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगावं. आपल्याकडे पोरगी सातव्या-आठव्या वर्षी नाजिरा संपवते, तीसही सिपारे घडाघडा वाचते, मिठाई वाटली जाते. त्यांत तिच्या वाट्याचं काय लिहिलंय ते तिला लग्नापर्यंत कळत नाही, आणि बाप गेल्यावर कळतं ते भावाच्या तोंडून.

तो वाटा कागदावर मांडून पाहू. बाप वारला. मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली आणि १२ एकर जमीन. कर्ज नाही, वसीयत नाही. सूरह निसाच्या ११व्या आणि १२व्या आयतीप्रमाणे बायकोचा एक अष्टमांश, म्हणजे दीड एकर. उरले साडेदहा. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे सहा भाग करायचे. प्रत्येक मुलाला साडेतीन एकर, प्रत्येक मुलीला एक एकर तीस गुंठे. झालं. चौथीच्या पोराला जमणारं गणित आहे. मग होतं काय? तलाठ्याकडे वारसनोंद लागते, फेरफारात बहिणींची नावं चढतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र होऊन ती सातबाऱ्यावरून उतरतात. बहिणींना गाडी पाठवून आणलेलं असतं, जेवण घातलेलं असतं, साडी दिलेली असते. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: त्यांनी राजीखुशीने सोडलं. सोडलं नसतं तर ईदला माहेरचं दार उघडं राहिलं असतं का, हे त्या राजीखुशीत धरलेलं नसतं. ही फक्त मुसलमानांची गोष्ट नाही, शेजारच्या गल्लीत हेच चालतं. २००५च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत भावाच्या बरोबरीने हक्क मिळाला तरी हक्कसोडपत्रांची भेंडोळी काही थांबली नाहीत. पण शेजारी आपल्या रूढीला अल्लाहचा कायदा म्हणत नाही. आपण म्हणतो, आणि चौदाशे वर्षांपूर्वी आम्ही मुलीला हिस्सा दिला म्हणून व्यासपीठावरून छातीही फुगवतो.

यातला कायद्याचा भाग तर आणखी बोलका आहे. शरीअतमध्ये दखल नको, असं ज्या कायद्याच्या नावाने म्हटलं जातं तो १९३७चा शरीअत कायदा मुळात आणला गेला तो रूढीला बाजूला सारण्यासाठी. कारण ठिकठिकाणच्या रूढी बायकांना वारसातून वगळत होत्या. पण त्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे. तेव्हाच्या घटनात्मक व्यवस्थेत शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीत होती, हे त्याचं कारण. दक्षिणेकडच्या काही राज्यांनी पुढे दुरुस्ती करून ती आत घेतली. शरीअत वाचवण्यासाठी निघालेल्या मोर्च्यांत कुणी ‘आमच्या मुलींसाठी शेतजमीन शरीअतखाली आणा’ असा फलक धरलेला मी पाहिला नाही. सूरह निसाची सातवी आयत तर म्हणते की आईबापांनी आणि नातलगांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत बायकांचाही वाटा आहे, मालमत्ता थोडी असो की फार. शेत सोडून, असं तिथे म्हटलेलं नाही.

महराचंही तेच. बायकांना त्यांचं महर खुशीने द्या, त्यांनी आपणहून त्यातलं काही सोडलं तरच ते तुमचं, असं चौथी आयत सांगते. न दिलेलं महर हे नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज असतं, आणि वारसाची वाटणी कर्ज फेडल्यानंतरच करायची, हे त्याच सूरहत पुन्हा पुन्हा येतं. आपल्याकडे जनाजा उचलायच्या आधी विधवेच्या कानाशी लागून कुणीतरी म्हणतं, माफ कर, म्हणजे मय्यतीचा भार हलका होईल. त्या क्षणी नाही म्हणणारी बाई अजून जन्मायची आहे. निकाहाच्या दिवशी जहेजात फ्रीज कोणता आणि मोटारसायकल कोणती यावर दोन तास बोलणी चालतात, आणि महर पाच मिनिटांत उरकतं. जहेजाला कुरआनात एका शब्दाचाही आधार नाही. त्याबद्दल मात्र आलिमांना विचारून घ्या, असं कुणी म्हणत नाही.

तलाकवर इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात आटपते. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक ही बिदत आहे, पाप आहे, पण लागू होतो, ही हनफी ग्रंथांतली भूमिका. १९६६च्या एप्रिलमध्ये हमीद दलवाईंनी सात बायकांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला तेव्हा त्यांना दीनचे दुश्मन ठरवलं गेलं. २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद पूर्णपीठाने म्हटलं की नवऱ्याने तलाक दिला असं नुसतं सांगून भागणार नाही. सबळ कारण होतं आणि दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला होता, हे त्याने सिद्ध करावं. म्हणजे ती ३५वी आयत आपल्या जमातींच्या आधी न्यायालयात वाचली गेली. २०१७च्या मे महिन्यात, तीन तलाकवरचा निकाल यायच्या तोंडावर, पर्सनल लॉ बोर्डाने सर्वोच्च न्यायालयात लिहून दिलं की निकाह लावताना काझींनी नवऱ्या मुलाला असा तलाक देऊ नकोस असं सांगावं, अशी सूचना आम्ही काढू. १९६६ ते २०१७. सूचना काढायला ५१ वर्षं लागण्याइतका अवघड त्या मजकुरात कोणता शब्द होता?

मजहबाच्या चौकटीला हात लावता येत नाही, हे म्हणणंही इतिहासाला धरून नाही. बेपत्ता नवऱ्याच्या बायकोला हनफी मतानुसार त्याचे समवयस्क हयात असेपर्यंत वाट पाहावी लागे. म्हणजे जवळजवळ जन्मभर. यातून सुटायला पंजाबात काही बायका धर्म सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींनी, ‘बहिश्ती जेवर’च्या लेखकाने, देवबंदी हनफी आलिमाने, मालिकी मताचा आधार घेऊन वाट काढली. १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यामागे ते काम आहे; चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर बायकोला न्यायालयातून निकाह मोडून घेता येतो. आलिमांना हलवलं ते दारात येऊन उभ्या राहिलेल्या बायकांनी. विद्वान आणि विचारणारे यांचं नातं असंच असावं: एकाने आधार दाखवावा, दुसऱ्याने तुमचं उत्तर माझ्या घरात काय करून बसलंय ते सांगावं.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू. सुधारणावादी मित्र म्हणतात, घरातल्या प्रश्नांसाठी सातव्या शतकातला ग्रंथ हवाच कशाला, संविधान पुरे आहे. दलवाईंनी घालून दिलेली ही वाट आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पोटगी, मारहाण, घराबाहेर काढणं यांचा निकाल एखाद्या आयतीच्या अर्थावर अवलंबून राहू नये, नागरिक म्हणून मिळावा, हे मलाही मान्य. पण मधुमेहाने थकलेल्या अब्बांनी रोजा धरावा का, हा प्रश्न संविधानाला विचारता येत नाही. आजारी आणि प्रवासी यांना सूट आहे, रोजे नंतर पुरे करता येतात, तुमच्यासाठी सोपं व्हावं हीच इच्छा आहे, हे सूरह बकरात शेजारशेजारच्या दोन आयतींत आहे. तेवढं वाचून दाखवलं तर इन्शुलिन घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याची अपराधी भावना जाते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं तेव्हा वुजूला तयम्मुमचा, म्हणजे पाण्याऐवजी मातीचा, पर्याय ग्रंथात होताच. विचारणारी बाई श्रद्धेने विचारते आहे. तिला ‘हे पुस्तक बाजूला ठेव’ म्हणणारा पुरोगामी आणि ‘हे पुस्तक तुझ्यासाठी नाही’ म्हणणारा मौलवी, दोघंही तिच्या हातातून तेच पुस्तक काढून घेतात.

वाचलं की सगळं आपल्या मनासारखंच निघेल, असं मात्र मी म्हणत नाही. सूरह निसाचीच ३४वी आयत नवऱ्याला बायकोवर हात उगारायची मुभा देते असं बहुसंख्य जुने भाष्यकार म्हणतात, मग ती कितीही अटींत बांधलेली असो. मक्केचे जुने फकीह अता इब्न अबी रबाह यांचं मत नोंदलेलं आहे की नवऱ्याने मारू नये, राग दाखवावा. म्हणजे अस्वस्थता आजची नाही. पण ती आयत आहे, आणि ती झाकून बाकीच्या मिरवायच्या हा लबाडपणा होईल. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, हेही तसंच. नुसत्या मुलीच असतील तर सुन्नी कायद्यात त्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि बापाची आई किंवा बायको हयात नसेल तर उरलेलं सगळं चाचाकडे किंवा त्याच्या मुलांकडे जाऊ शकतं. यावर वाचणारे बाप वेगवेगळी वाट काढतात. कुणी हयातीतच मुलीच्या नावे हिबा, म्हणजे बक्षीस, करतो. मुलांना देताना समान द्या, असं पैगंबरांनी नोमान बिन बशीरांच्या वडिलांना सांगितल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या एका वकिलाने ८ मार्च २०२३ला आपल्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न लावलं, तीन मुलींना सगळं मिळावं म्हणून. त्याच्यावर टीका झाली. पण आपल्या मुलींच्या वाट्याला काय येणार, याचा हिशेब त्याने वेळेत मांडला, आणि मक्ता सांगणाऱ्यांना नेमका तोच हिशेब कुणी मांडायला नको असतो.

डोळे मिटून कुरआन उघडायचा, बोट पडेल ती आयत म्हणजे स्थळाला होकार की नकार, असा फाल काढणारेही आहेत, आणि मोबाइलवर एक ओळ शोधून सासूला हरवणारेही. त्यांची बाजू मी घेणार नाही. मागची-पुढची आयत न वाचता काढलेलं उत्तर आलिमाने दिलं तरी वाईट आणि पोराने दिलं तरी वाईट.

राहता राहिली शेवटची भीती: प्रत्येकजण वाचायला लागला तर घराघरात वेगळा अर्थ निघेल, उम्मत फुटेल. रत्नागिरीच्या शाफई घरातली मुलगी आंबा घाट चढून कोल्हापूर-मिरजेकडच्या हनफी घरात सून म्हणून जाते. माहेरी माशाखेरीज समुद्रातले इतर जीवही चालतात, कारण समुद्रातली शिकार हलाल केली आहे ही पाचव्या सूरहची ९६वी आयत शाफई फकीह व्यापक अर्थाने घेतात. सासरी ते चालत नाहीत, कारण हनफींच्या मते त्यात फक्त मासा येतो. कोळंबी मासा आहे की नाही यावर तर हनफींमध्येच अजून वाद आहे. एकच आयत, घाटाखाली एक अर्थ, घाटावर दुसरा, आणि तरी दोन्ही बाजू एकमेकींच्या मागे नमाज पढतात, सोयरिकी करतात. अर्थ वेगळा निघाल्याने फुटायची असती तर उम्मत कोळंबीवरच फुटली असती. मुलीच्या हिश्शावर मात्र हनफी, शाफई, मालिकी, हंबली या चौघांतही वाद नाही. तेव्हा ज्यांना मतभेदांची काळजी वाटते त्यांनी सुरुवात तिथूनच करावी. येत्या जुम्म्याला मिंबरवरून, मराठीत, १२ एकरांचं ते गणित सांगावं, आणि खाली बसलेल्यांपैकी कुणाकुणाच्या बहिणीचा एक एकर तीस गुंठे अजून बाकी आहे ते विचारावं. खुतब्यातली पाच मिनिटं लागतील.